अग्निसुरक्षा यंत्रणा बंद असतानाचा अग्निपहारा : मिळकतधारकाचे कर्तव्य आणि महाविद्यालयीन इमारती

सारांश

इमारतीतील धूरशोधक, संकटसूचक घंटा, स्प्रिंकलर किंवा हायड्रंट यांपैकी एखादी यंत्रणा बंद पडल्यापासून ती पूर्ववत सुरू होईपर्यंतचा काळ हा अग्निसुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत दुबळा काळ होय. या काळात यंत्राचे काम प्रशिक्षित माणसांकडे सोपविण्याच्या पद्धतीस इंग्रजीत ‘फायर वॉच’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘अग्निपहारा’ ही संज्ञा वापरली आहे. यंत्रणा बंद पडली तरी मिळकतधारकाचे कायदेशीर व नैतिक दायित्व बंद पडत नाही, ते यंत्राकडून माणसाकडे येते, हे या लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. महाराष्ट्रातील कायदा, अमेरिकेतील संहिता, काही प्रसिद्ध दुर्घटना आणि इंग्लंडमधील अलीकडचा अनुभव यांच्या आधारे अग्निपहाऱ्याचे स्वरूप, कर्तव्ये व मर्यादा यांचा विचार करून महाविद्यालयांसाठी एक व्यवहार्य कार्यपद्धती येथे मांडली आहे.

बीजसंज्ञा : अग्निपहारा, मिळकतधारक, भोगवटादार, अग्निसुरक्षा यंत्रणा, गस्त, नोंदवही, महाविद्यालयीन इमारती.

१. प्रस्तावना

गेल्या काही दशकांत महाविद्यालयांच्या इमारतींचे स्वरूप झपाट्याने बदलले. कौलारू बैठ्या वर्गखोल्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. संगणककक्ष, वातानुकूलित सभागृहे, प्रयोगशाळा, वसतिगृहे व हजारो ग्रंथांची ग्रंथालये एकाच आवारात नांदू लागली. त्याबरोबरच जिन्याच्या कडेने चढणारे लाल नळ, भिंतीवरील लाल पेट्या, छतावरील धूरशोधक आणि तळमजल्यावरील नियंत्रण फलक यांचीही आपल्याला सवय झाली. ही यंत्रणा बसविली की अग्निसुरक्षेचे काम संपले, असा एक समज त्यातून नकळत रुजला आहे.

परंतु प्रत्येक यंत्र केव्हातरी बंद पडते. पंपाची मोटर जळते, टाकी धुण्यासाठी रिकामी केली जाते, रंगकामाच्या धुळीमुळे घंटा वारंवार वाजू लागली म्हणून एखाद्या मजल्याचा जोड नियंत्रण फलकावरून तोडून ठेवला जातो. दुरुस्तीस एक दिवस लागतो, कधी पंधरा दिवस लागतात. निविदा, मंजुरी व सुटे भाग यांच्या फेऱ्यात कधी महिनेही जातात. त्या अवधीत वर्ग भरतात, परीक्षा होतात, वसतिगृहात मुले-मुली झोपतात. मग त्या अवधीत आगीकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची? या एका प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. अग्निपहारा : संकल्पना व परंपरा

अग्निपहारा म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा पूर्णतः वा अंशतः निकामी असताना, आग अथवा धूर लवकरात लवकर लक्षात यावा, अग्निशमन दलास तत्काळ वर्दी द्यावी आणि इमारतीतील माणसांना सुरक्षित बाहेर काढावे, या तीन हेतूंनी नेमलेल्या व्यक्तींची सतत चालू असलेली, ठरावीक वेळापत्रकाची व लेखी नोंद ठेवली जाणारी गस्त होय. सामान्य पहारा चोरीपासून मालमत्तेचे रक्षण करतो. अग्निपहारा प्रथम जीविताचे रक्षण करतो. सामान्य पहारेकरी फाटकावर बसून आपले काम करू शकतो. अग्निपहारेकऱ्यास इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्यात जावे लागते.

ही कल्पना नवी नाही. इ. स. ६ मध्ये रोमन सम्राट ऑगस्टस याने ‘व्हिजिलीस’ नावाची पथके उभारली; रात्री शहरात फिरून आगीवर नजर ठेवणे हे त्यांचे मुख्य काम होते. आपल्याकडील गावगाड्यातही रात्री जागून गावाची राखण करणारा जागल्या होता.

मिळकतधारकाच्या कर्तव्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील लंडनचे आहे. २९ डिसेंबर १९४० रोजी रविवारच्या रात्री जर्मन विमानांनी लंडनच्या व्यापारी भागावर आगलाव्या बाँबचा वर्षाव केला. सुटीमुळे तेथील अनेक कचेऱ्या, गोदामे व चर्चे कुलूपबंद होती. छपरावर पडलेला लहानसा बाँब वेळीच वाळू टाकून विझविता आला असता, तेथे कोणी नसल्यामुळे संपूर्ण इमारती भस्मसात झाल्या. त्याच रात्री सेंट पॉल्स कॅथीड्रल वाचले. त्यामागे तेथे रात्रंदिवस जागणाऱ्या स्वयंसेवकांच्या पहाऱ्याचा मोठा वाटा होता. यानंतर लगेच, जानेवारी १९४१ मध्ये ब्रिटिश शासनाने अग्निपहारा सक्तीचा केला. आपली इमारत जळू न देणे हे केवळ मालकाच्या हिताचे काम नाही, ते शेजाऱ्यांप्रती व समाजाप्रती असलेले कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यातून व्यवहारात आले.

३. यंत्रणा ‘बंद’ असणे म्हणजे काय?

यंत्रणा बंद असल्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे की, ते डोळ्यांना दिसत नाही. दिवा गेला तर अंधार होतो, नळ बंद झाला तर पाणी थांबते. हायड्रंटचा पंप बंद असला तर मात्र काहीच घडत नाही. लाल नळ तसाच उभा असतो, पेटीची काच तशीच चकाकते. आग लागल्यावरच उणीव उघड होते आणि तोवर उशीर झालेला असतो.

सर्वसाधारणपणे नादुरुस्तीचे दोन प्रकार संभवतात. पहिला प्रकार नियोजित बंदचा. टाकीची स्वच्छता, नळजोडाचे काम, रंगकाम, इमारतीचा विस्तार अशा कारणांसाठी यंत्रणा जाणूनबुजून काही काळ बंद केली जाते. दुसरा प्रकार आकस्मिक बंदचा. पंप जळणे, नळ फुटणे, डिझेल पंपाची बॅटरी उतरणे, विजेच्या दाबातील चढउतारामुळे नियंत्रण फलक निकामी होणे ही त्याची उदाहरणे होत. पहिल्या प्रकारात पूर्वतयारीस वेळ मिळतो, दुसऱ्यात मिळत नाही. म्हणूनच कार्यपद्धती आधी लिहून ठेवलेली असणे आवश्यक ठरते.

याखेरीज एक तिसरा, अधिक फसवा प्रकार आहे. दुरुस्ती पूर्ण झालेली असते, परंतु कामासाठी बंद केलेली झडप पुन्हा उघडण्याचे राहून जाते. रंगकामाच्या वेळी धूरशोधकावर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच राहते. घंटेचा आवाज थांबविण्यासाठी दाबलेली कळ पूर्ववत केली जात नाही. कागदोपत्री यंत्रणा सुरू असते, प्रत्यक्षात ती बंद असते. ‘दुरुस्ती झाली’ आणि ‘यंत्रणा पूर्ववत झाली’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

४. नियमांची चौकट

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य आधार म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा होय. या अधिनियमाच्या कलम ३ नुसार इमारतीचा मालक वा भोगवटादार याने आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना करावयाच्या असतात आणि त्या सर्व काळ सुस्थितीत व कार्यक्षम ठेवावयाच्या असतात. परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै या महिन्यांत अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावे लागते. बसविलेल्या साधनांशी छेडछाड करणे, ती काढून टाकणे वा त्यांची हानी करणे यांसही मनाई आहे.

या तरतुदीतील ‘सर्व काळ’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. जानेवारी व जुलैची प्रमाणपत्रे त्या त्या तपासणीच्या दिवसाविषयी बोलतात. कायद्याचे कर्तव्य मात्र मधल्या प्रत्येक दिवसाला लागू असते. मार्च महिन्यात पंप बंद पडला तर जानेवारीचे प्रमाणपत्र फाइलमध्ये असणे हा बचाव होऊ शकत नाही. या कलमात नादुरुस्तीच्या काळातील गस्तीचे तपशीलवार वेळापत्रक दिलेले नाही. परंतु कर्तव्य अखंड असेल आणि यंत्र ते पार पाडू शकत नसेल, तर पर्यायी व्यवस्था करणे हे त्या कर्तव्यातूनच निष्पन्न होते, असे म्हणणे तर्कसंगत ठरेल.

हे तपशील अमेरिकेतील संहितांनी अधिक स्पष्टपणे भरून काढले आहेत. तेथील आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार आवश्यक असलेली अग्निसुरक्षा यंत्रणा बंद पडताच अग्निशमन विभागास तत्काळ कळवावे लागते. आणि अधिकाऱ्याने सांगितल्यास एकतर इमारत रिकामी करावी लागते किंवा यंत्रणा सुरू होईपर्यंत मान्यताप्राप्त अग्निपहारा ठेवावा लागतो. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेच्या मानकांनी काळाच्या मर्यादाही घालून दिल्या आहेत. २४ तासांच्या अवधीत संकटसूचक यंत्रणा ४ तासांहून अधिक, अथवा स्प्रिंकलर यंत्रणा १० तासांहून अधिक काळ बंद राहणार असेल, तर इमारत रिकामी करणे वा अग्निपहारा ठेवणे यांसारख्या उपायांचा अवलंब करावा लागतो. नादुरुस्तीच्या काळात सर्व सूत्रे एका नियुक्त समन्वयकाच्या हाती असावीत आणि बंद यंत्रणेवर ठळक फलक लावावा, असेही ही मानके सांगतात.

वेल्डिंग, गॅस कटिंग यांसारख्या ठिणग्या उडविणाऱ्या कामांसाठी याच संस्थेचे स्वतंत्र मानक आहे. ठिणग्या सुमारे ११ मीटरपर्यंत जाऊ शकतात असे गृहीत धरून त्या परिघातील ज्वालाग्राही वस्तू हलविणे वा झाकणे आणि काम संपल्यानंतरही पहारा चालू ठेवणे त्यात अपेक्षित आहे. पूर्वी हा नंतरचा पहारा अर्ध्या तासाचा होता. २०१९ च्या आवृत्तीत तो एक तासाचा करण्यात आला. धुमसणारी ठिणगी पेट घेण्यास वेळ लावते, हे त्यामागील कारण आहे. ही मानके आपल्याकडे कायदा म्हणून लागू नाहीत. तथापि आपल्या संस्थांसाठी व्यवहार्य मापदंड म्हणून त्यांचा उपयोग निश्चित होऊ शकतो.

५. तीन दुर्घटनांचे बोल

अग्निपहाऱ्याची गरज नियमांपेक्षा दुर्घटना अधिक स्पष्ट करतात. येथे वेगवेगळ्या स्वरूपाच्या तीन घटना विचारात घेतल्या आहेत. त्यांपैकी कोणतीही केवळ यंत्रणेच्या बिघाडाची नाही. प्रत्येकीत माणसाने करावयाचे एक साधे काम राहून गेले, हे त्यांतील समान सूत्र आहे.

पहिली घटना फिलाडेल्फिया शहरातील ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीची. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी शनिवारी रात्री २२ व्या मजल्यावर आग लागली. तेथे नूतनीकरणाचे काम चालू होते आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या तशाच टाकून कामगार निघून गेले होते. अशा चिंध्या हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन आपोआप तापतात व पेट घेतात. घंटा वाजल्यावर इमारतीचा कर्मचारी अग्निशमन दलास वर्दी देण्याऐवजी काय झाले हे पाहण्यासाठी लिफ्टने थेट त्या मजल्यावर गेला आणि धुरात सापडला. तळमजल्यावरील सहकाऱ्याने लिफ्ट खाली आणल्यामुळे तो बचावला. अग्निशमन दलास पहिली वर्दी बाहेरील एका पादचाऱ्याकडून मिळाली. ही आग १८ तासांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. ३० व्या मजल्यावर एका भाडेकरूने बसवून घेतलेल्या स्प्रिंकलरपाशी ती अडली. यातून दोन धडे मिळतात. दिवसाचे काम संपल्यावर कामाच्या जागेची पाहणी करणारा माणूस हवा. आणि खात्री करण्याआधी वर्दी द्यावयास हवी.

दुसरी घटना दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची. १३ जून १९९७ रोजी सकाळी सातच्या सुमारास या इमारतीच्या तळमजल्यावरील विद्युत रोहित्रास आग लागली होती. ती विझवून घाईने दुरुस्ती करण्यात आली व रोहित्र पुन्हा सुरू झाले. दुपारचा खेळ नेहमीप्रमाणे लागला. सायंकाळी पाचच्या सुमारास त्याच रोहित्राने पुन्हा पेट घेतला. धूर वर चढला आणि ५९ प्रेक्षकांचा, मुख्यतः गुदमरून, मृत्यू झाला. बाहेर पडण्याच्या वाटांतील अडथळे, आपत्कालीन दिव्यांचा व ध्वनिक्षेपणाचा अभाव या गोष्टी न्यायालयीन कामकाजात पुढे आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मालकांची दोषसिद्धी कायम ठेवली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेतील सकाळ ते सायंकाळ हा सुमारे दहा तासांचा अवधी विचार करायला लावणारा आहे. धोक्याची सूचना मिळालेली होती. त्या दहा तासांत रोहित्रापाशी एक माणूस उभा करणे, वाटा मोकळ्या आहेत ना हे पाहणे, किंवा खेळच रद्द करणे ही कामे कोणत्याही यंत्रावर अवलंबून नव्हती.

तिसरी घटना पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलची. १५ एप्रिल २०१९ च्या सायंकाळी तेथील धूरशोधक यंत्रणेने आपले काम केले होते. परंतु फलकावरील संकेताचा अर्थ नीट न लागल्याने पाहणीसाठी पाठविलेला रक्षक मुख्य वास्तूच्या माळ्याऐवजी शेजारच्या इमारतीच्या माळ्यावर गेला. खरी जागा सापडेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला आणि तोवर शतकानुशतकांच्या लाकडी छपराने पेट घेतला होता. यंत्र चालू असूनही माणसास इमारत ठाऊक नसेल तर काय होते, हे या घटनेने दाखविले. मग यंत्र बंद असताना इमारतीची माहिती नसलेला पहारेकरी नेमणे म्हणजे पहारा नसण्यासारखेच होय.

६. मिळकतधारकाची कर्तव्ये

वरील विवेचनावरून यंत्रणा बंद पडल्यावर मिळकतधारकाने क्रमाने करावयाची कर्तव्ये पुढीलप्रमाणे मांडता येतात.

(अ) कळविणे : कोणती यंत्रणा, कोणत्या भागात, केव्हापासून बंद आहे व किती काळ बंद राहण्याची शक्यता आहे, हे स्थानिक अग्निशमन केंद्रास लेखी कळवावे. विमा कंपनीस तसेच इमारतीतील सर्व विभागांना व रहिवाशांना ही माहिती द्यावी. बिघाड लपविण्याची प्रवृत्ती समजण्यासारखी असली तरी घातक आहे. हायड्रंटला पाणी नाही हे आधीच ठाऊक असेल तर अग्निशमन दल त्याप्रमाणे बंब घेऊन येऊ शकते.

(आ) एक जबाबदार व्यक्ती नेमणे : ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ अशा सूचनेचा अर्थ व्यवहारात ‘कोणीही लक्ष ठेवू नये’ असा होतो. म्हणून एका अधिकाऱ्याची नावानिशी नेमणूक करून पहारा सुरू करण्याचा, काम थांबविण्याचा व इमारत रिकामी करण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा.

(इ) धोका कमी करणे : यंत्रणा बंद असताना वेल्डिंग, गॅसचा वापर असलेली प्रात्यक्षिके, तात्पुरत्या वायरी, गर्दीचे कार्यक्रम शक्य तितके टाळावेत. साठलेली रद्दी, मोडके लाकडी बाक, रंगाचे डबे बाहेर काढावेत. जिने, दरवाजे व निर्गममार्ग मोकळे व कुलूपरहित ठेवावेत. जवळची हाती वापरण्याची अग्निशामक नळकांडी तपासून, हवी तेथे वाढवून ठेवावीत.

(ई) पहारा ठेवणे : पहारेकऱ्यास त्या वेळेत दुसरे कोणतेही काम देऊ नये. फाटक सांभाळणे, टपाल घेणे, पंप चालू-बंद करणे ही कामे त्याच्याकडे असतील तर तो अग्निपहारा राहत नाही. त्याला इमारतीचा प्रत्येक मजला, किल्ल्या, वीजपुरवठा व गॅस बंद करण्याच्या जागा आणि बाहेर जमण्याचे ठिकाण ठाऊक असावे. चार्ज केलेला मोबाइल, विजेरी, शिट्टी अथवा कर्णा, किल्ल्यांचा जुडगा व इमारतीचा नकाशा त्याच्याजवळ असावा. अग्निशमन दलाचा १०१ व आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक, तसेच इमारतीचा नेमका पत्ता त्याला तोंडपाठ असावा. घाबरलेल्या अवस्थेत पत्ता सांगताना माणसे अडखळतात.

(उ) नोंद ठेवणे : प्रत्येक फेरीची वेळ, पाहिलेले भाग, आढळलेल्या गोष्टी व स्वाक्षरी यांची नोंदवही असावी. पहाटे पाच वाजता एकदमच भरलेली रात्रभराची नोंद ही नोंद नव्हे. जबाबदार अधिकाऱ्याने ती रोज पाहून सही करावी.

(ऊ) समाप्ती करणे : दुरुस्तीनंतर झडपा उघड्या आहेत, टाकी भरली आहे, पंप आपोआप सुरू होतो, घंटा सर्व मजल्यांवर ऐकू येते याची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, त्यानंतरच फलक काढावा, ज्यांना बिघाड कळविला त्या सर्वांना यंत्रणा पूर्ववत झाल्याचे कळवावे आणि मग पहारा उठवावा.

आग दिसल्यावर पहारेकऱ्याने काय करावे याचा क्रमही निश्चित असावा. प्रथम आसपासच्या माणसांना सावध करणे, लगेच अग्निशमन दलास वर्दी देणे, मग बाहेर काढण्यास मदत करणे. आणि आग लहान असेल व पाठीमागे सुटकेचा मार्ग मोकळा असेल तरच नळकांड्याचा वापर करणे. आग विझविणे हे पहाऱ्याचे पहिले काम नाही, हे वारंवार सांगावे लागते. कारण धाडसी माणूस नेमका हाच क्रम उलटा करतो.

७. महाविद्यालयांच्या संदर्भात

महाविद्यालयाच्या बाबतीत ‘मालक’ बहुधा शिक्षणसंस्था असते आणि प्रत्यक्ष वापर प्राचार्यांच्या देखरेखीखाली होतो. दुरुस्तीचा खर्च मंजूर करणारा एक, आवारात उपस्थित असणारा दुसरा, अशी विभागणी झाल्याने जबाबदारी मधल्या मध्ये लोंबकळत राहण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी संस्थेने अग्निपहारा तत्काळ सुरू करण्याचा व त्यापुरता खर्च करण्याचा अधिकार प्राचार्यांना आधीच ठरावाने द्यावा. पहाऱ्यासाठी पुढच्या सभेची वाट पाहणे परवडत नाही.

दुसरी बाब मनुष्यबळाची. एका आठवड्यात १६८ तास असतात. एक कर्मचारी आठवड्यास ४८ तास काम करतो असे धरल्यास एक जागा अहोरात्र सांभाळण्यास साडेतीन, म्हणजे व्यवहारात चार माणसे लागतात. एका चारमजली इमारतीची सावकाश फेरी २० ते २५ मिनिटांची होते असे मानू. अर्ध्या तासाला एक फेरी अपेक्षित असेल तर एकच माणूस जवळजवळ सतत चालत राहील. शेजारची दुसरी इमारत त्याच्याकडे सोपविता येणार नाही. अमेरिकेतील अनेक स्थानिक अग्निशमन विभाग इमारतीच्या वापरानुसार १५, ३० किंवा ६० मिनिटांच्या फेऱ्या ठरवून देतात. आपल्याकडे रिकाम्या वर्गांच्या इमारतीसाठी तासाची, प्रयोगशाळा व ग्रंथालयासाठी अर्ध्या तासाची आणि माणसे झोपलेली असतात अशा वसतिगृहासाठी पंधरा मिनिटांची फेरी हे प्रमाण योग्य ठरावे. मात्र स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यांचा सल्ला अंतिम मानावा.

वसतिगृहाचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. झोपलेल्या माणसास धुराचा वास जागे करीलच, याची खात्री नसते. विषारी वायूंनी बेशुद्धी आधी येऊ शकते. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत १० बालके दगावली. जी माणसे स्वतःहून उठून बाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी जागी असलेली दुसरी व्यक्ती हाच एकमेव धूरशोधक असतो. वसतिगृहातील आजारी वा अपंग विद्यार्थ्यांची यादी व खोली क्रमांक पहारेकऱ्याजवळ असावेत, ते याच कारणाने.

तिसरी बाब सुट्यांची. बांधकाम, रंगकाम व विद्युतकाम आपण दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटीत काढतो. त्याच वेळी यंत्रणा बंद केली जाते, त्याच वेळी ठिणग्या उडतात आणि त्याच वेळी आवार ओस असते. लंडनच्या कुलूपबंद कचेऱ्यांची गोष्ट येथे आपल्याला लागू पडते. कंत्राटदाराशी होणाऱ्या करारातच काम संपल्यानंतरच्या तासाभराच्या पहाऱ्याचे व रोजच्या जागापाहणीचे कलम असावे.

प्राध्यापकांचा सहभाग हाही मुद्दा दुर्लक्षिता येणार नाही. प्राध्यापकांनी रात्री गस्त घालावी, अशी येथे अपेक्षा नाही. परंतु आपल्या वर्गाचा, प्रयोगशाळेचा निर्गममार्ग कोणता, आज या मजल्यावरील घंटा चालू आहे की नाही, हे शिकविणाऱ्यास ठाऊक असणे उचित आहे. तासाच्या वेळी त्या खोलीतील जाणता माणूस तोच असतो. १९४४ मध्ये मुंबई गोदीतील स्फोटात हौतात्म्य पत्करलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल रोजी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने निर्गमनाचा सराव व यंत्रणेची पाहणी घेतल्यास हा दिवस सार्थकी लागेल.

८. मर्यादा

अग्निपहारा हा पर्याय आहे, प्रतिस्थापन नव्हे. माणूस थकतो, पेंगतो, घाबरतो. बंद खोलीतील वा खोट्या छतामागील धूर त्याला दिसत नाही आणि पाण्याचा फवाराही तो निर्माण करू शकत नाही. शिवाय तात्पुरती व्यवस्था कायमची होऊन बसण्याचा धोका असतो.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधील आगीत ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर धोकादायक बाह्यआवरण असलेल्या अनेक निवासी इमारतींत ‘वेकिंग वॉच’ या नावाने अहोरात्र पहारे बसविण्यात आले. ही व्यवस्था काही काळापुरती अभिप्रेत होती. पण मूळ दुरुस्ती रेंगाळल्यामुळे ती अनेक ठिकाणी लांबत गेली आणि तिचा खर्च सामान्य सदनिकाधारकांवर पडला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये तेथील शासनाने ३ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला, तो पहाऱ्यासाठी नव्हे, तर पहाऱ्याची गरज संपविणारी संकटसूचक यंत्रणा बसविण्यासाठी. पहारा जितका लांबतो तितका तो महाग व ढिला होत जातो. म्हणून पहारा सुरू करण्याच्या आदेशातच त्याच्या समाप्तीची अपेक्षित तारीख आणि दुरुस्तीची जबाबदारी नमूद असणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा अशी की, काही परिस्थितींत पहारा पुरेसा नसतो. वसतिगृहाची घंटा, पाणीपुरवठा व आपत्कालीन दिवे एकाच वेळी बंद असतील, किंवा जिना बांधकामाने अडलेला असेल, तर इमारत रिकामी करणे हाच योग्य निर्णय होय. संस्थेची प्रतिष्ठा वा परीक्षेचे वेळापत्रक हे त्याविरुद्धचे कारण होऊ शकत नाही.

९. निष्कर्ष

१. अग्निसुरक्षा यंत्रणा सर्व काळ कार्यक्षम ठेवण्याचे मिळकतधारकाचे कर्तव्य अखंड आहे. सहामाही प्रमाणपत्र त्या कर्तव्याचा पुरावा आहे, पर्याय नव्हे.

२. यंत्रणा बंद पडताच ते कर्तव्य माणसांकरवी पार पाडावे लागते. त्यासाठी नेमलेली व्यक्ती, ठरलेली फेरी व लेखी नोंद या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. त्यांपैकी एकही नसेल तर अग्निपहारा नावापुरताच उरतो.

३. पहारेकऱ्याचे पहिले काम वर्दी देण्याचे आहे, खात्री करून घेण्याचे वा आग विझविण्याचे नव्हे.

४. महाविद्यालयांनी यंत्रणा बंद पडण्याची वाट न पाहता कार्यपद्धती, अधिकार व मनुष्यबळ आधीच निश्चित करावे. वसतिगृहे व सुटीतील बांधकामे यांना त्यात अग्रक्रम द्यावा.

५. पहारा तात्पुरता असतो. त्याची समाप्ती दुरुस्तीच्या देयकाने होत नाही, प्रत्यक्ष चाचणीने होते.

आपल्या संस्थांत यंत्रणा बसविण्यासाठी निधी उभा राहतो, तिचे उद्घाटनही होते; ती बंद पडल्याची नोंद मात्र क्वचितच कोठे होते. प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात ‘यंत्रणा बंद-सुरू नोंदवही’ या नावाची एक साधी वही असावी आणि तिच्यातील प्रत्येक ‘बंद’च्या नोंदीसमोर त्या रात्री जागणाऱ्या माणसाचे नाव असावे, एवढी सुधारणा तर कोणत्याही अनुदानाविना उद्यापासून करता येण्याजोगी आहे.